साडीच्या कव्हरातलं पुरुषांचं मासिक

आमच्या बाईंनी आम्हाला इंग्रजी शिकवलं ते पुरुषांच्या एका जुन्या मासिकातून. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "पुरुषांचं म्हणजे कसलं?" तसलं नव्हतं. अगदीच सोवळं होतं असंही नाही. माझ्या जन्माच्या आधीचा तो इंग्रजी अंक. मासिक केव्हाच बंद पडलेलं. दहिसरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर बाई राहायच्या, त्यांच्याकडे त्याची एकच प्रत होती, आणि त्या एका प्रतीवर आम्ही आसपासच्या पंधरा-वीस बायका इंग्रजी बोलायला शिकलो. मी तर आज त्याच इंग्रजीवर पोट भरते. त्यामुळे हसणाऱ्याला मी हसू देते आणि मग समोर बसवून सगळं सांगते.

अंक साडीच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात असायचा आणि ते कव्हर कपाटात हँगरला लटकलेलं असायचं. बाईंच्या साड्या मात्र खाली घडी करून ठेवलेल्या. क्लास सुरू व्हायच्या आधी बाई कपाट उघडायच्या, कव्हराची चेन ओढायच्या आणि अंक दोन्ही हातांवर घेऊन टेबलावर ठेवायच्या. पान उलटायचं ते लाकडी पट्टीनं. बोट लावायचं नाही, आणि जिभेला लावलेलं बोट तर नाहीच. एकदा एका नव्या बाईनं सवयीनं बोट ओलं केलं, तर बाईंनी तिला उठवून मोरीत हात धुवायला पाठवलं होतं. झेरॉक्सला बंदी होती. "झेरॉक्स काढलात की घरी नेऊन गादीखाली ठेवाल आणि वाचलं असं समजाल," असं त्या म्हणत. माझ्या बाबतीत ते तंतोतंत खरं ठरलं असतं.

मुखपृष्ठावर एक कल्लेवाला पुरुष गाडीला टेकून पाइप ओढत उभा होता. त्याच्यामागे गॉगल लावलेली एक बाई होती, तिचं त्या माणसाशी किंवा त्या गाडीशी काय नातं ते आत कुठेच सांगितलेलं नव्हतं. आत काय काय होतं म्हणाल तर सगळंच. टायची गाठ कशी मारावी याच्या आकृत्या होत्या. गाडीच्या इंजिनाचा कार्बोरेटर कसा साफ करावा यावर दोन पानं. समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या एका पाणबुड्याची मुलाखत, एका खलाशाची लांबलचक कथा, केस गळणाऱ्या वाचकांना डॉक्टरांचा सल्ला, एकट्या पुरुषानं एका तव्यात काय शिजवावं याची कृती, आणि बाईंनासुद्धा न कळलेले विनोद. मधल्या चकचकीत पानांवर पोहण्याच्या कपड्यातली एक बाई वाळूत बसलेली. जाहिराती ब्लेडच्या, सिगरेटच्या आणि सुटाच्या कापडाच्या. त्यातल्या बहुतेक कंपन्यांची नावं आज कुणाला सांगितली तर खोटी वाटतील.

बाई फोर्टमधल्या एका वकिली फर्ममध्ये स्टेनो होत्या. मूळच्या अकोल्याकडच्या. मुंबईत उभं आयुष्य काढून त्यांची भाषा आमच्यासारखीच झाली होती, पण संताप आला की "का?" न येता वऱ्हाडी "काहून?" असाच पहिला शब्द यायचा. हा अंक त्यांच्या ऑफिसात अशिलांच्या बाकावर पडलेला असायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना त्या तो वाचत. "साहेब डिक्टेशन द्यायचे ना, ती भाषा कुठून येते ते मला या अंकात सापडलं," त्या सांगायच्या. पुढे ऑफिसचं फर्निचर बदललं, बाकावरचं सगळं रद्दीत निघालं, तेव्हा त्यांनी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन हा अंक मागून घेतला. साहेबांना वाटलं, भावासाठी नेत असेल.

बायकांना शिकवायला हाच अंक का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मला वाटलं होतं, घरात दुसरं इंग्रजी पुस्तक नसेल. बाईंनी कपाटातून एक बायकांचं इंग्रजी मासिक काढून माझ्यापुढे टाकलं. "वाच. मे आय. कुड आय. इफ यू डोन्ट माइंड. पान उघडलं की बाई कुणालातरी विचारतेय, हे चालेल का, ते जमेल का. आता यात बघ." पट्टीनं त्यांनी त्यांच्या अंकाचं पान उलटलं. "टेक. कट. चूज. इन्सिस्ट. कुणी कुणाला विचारत नाहीये. हे इंग्रजी आधी शीक. विनंत्या करायला तू आईच्या पोटातून शिकून आलीयस."

म्हणूनच त्यांच्या घरात सॉरी म्हणायला मनाई होती. चपला जिथे काढायच्या तिथेच सॉरीही काढून ठेवायचं. वाक्य चुकलं तर पुन्हा म्हणायचं, माफी मागायची नाही. वाचायचं ते उभं राहून, आणि शेवटचा शब्द गिळायचा नाही. आम्ही सगळ्या शेवटचा शब्द गिळायचो. घरी वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी बोलायला लागतं, त्याची सवय.

प्रत्येकीला बाई एक पान द्यायच्या. ते तिचं पान. ते पाठ व्हायला हवं, शिवाय त्यावर कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर देता यायला हवं. पान कुणाला कुठलं, ते बाई ठरवायच्या, आणि जे अजिबात उपयोगाचं नाही नेमकं तेच द्यायच्या. पार्लर चालवणारीला केस गळतीचं पान द्यायचं सोडून पाणबुड्या दिला. टायची गाठ बालवाडीच्या शिक्षिकेला. ती खिडकीच्या गजाला पंचा बांधून गाठीची प्रात्यक्षिकं करायची. मला कार्बोरेटर आला. मला तेव्हा सायकलसुद्धा येत नव्हती. मी कुरकुर केली तर बाई म्हणाल्या, "कधीच लागणार नाही ते बोलता आलं की लागणारं बोलायला काय वेळ लागतोय?"

आणि ते खरं निघालं. मी कांदिवलीला रक्ततपासणीच्या एका लॅबमध्ये काउंटरला होते. एक दिवस कॉम्प्युटर बंद पडले, रिपोर्ट अडकले, आणि एक सूटवाला गृहस्थ इंग्रजीतून माझ्यावर ओरडायला लागला. एरवी मी आत जाऊन कुणालातरी बोलावून आणलं असतं. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "फर्स्ट, लेट अस फाइंड आउट व्हेअर द ट्रबल इज." हे कार्बोरेटरच्या पानावरचं पहिलं वाक्य. त्या गृहस्थानं आवाज खाली आणून मला पावती दाखवली. पुढचं वाक्य झाकण उघडून आत फुंकर मारायचं होतं, ते मी म्हटलं नाही.

लॅबमध्ये वरच्या जागेसाठी मुलाखत झाली तेव्हा मात्र माझी वाट लागली होती. "स्वतःबद्दल सांगा," असं इंग्रजीत विचारल्यावर मी ताठ बसून म्हटलं, "आय अ‍ॅम अ मॅन ऑफ रेग्युलर हॅबिट्स." केस गळणाऱ्या एका वाचकानं डॉक्टरांना लिहिलेल्या पत्रातलं वाक्य ते. समोरचे तिघेही हसले. मी रडत बाईंकडे आले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हसले ना? म्हणजे ऐकत होते. पुढे काय बोललीस?" पुढे मी बरंच बोलले होते, आणि ती जागा मला मिळाली. आज त्या लॅबच्या तीन शाखांची काउंटरं माझ्या हाताखाली आहेत. नव्या मुलींना मी सॉरी बाहेर ठेवायला लावते.

बाई साडीवर बूट घालायच्या, नाडीचे, काळे. हातात पुरुषी घड्याळ. भाजीवाल्याशी मराठीत, रिक्षावाल्याशी हिंदीत आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी इंग्रजीत बोलायचं, असा त्यांचा नियम होता. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. ते मराठीत उत्तर द्यायचे, बाई पुन्हा इंग्रजीत, असं जिन्यात तासभर चाले. क्लासची फी त्या घेत नसत. फी दिली की तुम्ही गिऱ्हाईक होता आणि गिऱ्हाईकाला रागावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्यातल्या एकीनं एकदा धीर करून विचारलं होतं की बाई, तुम्ही लग्न का नाही केलं. "विचारलं होतं मी एकाला," बाई शांतपणे म्हणाल्या. "तो म्हणाला, घरी विचारून सांगतो. मग मीच नको म्हटलं."

मधल्या पानांवरच्या त्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न बाईंना कधी पडलाच नाही. आम्हाला वाटलं होतं, ती पानं चिकटवून टाकलेली असतील. उलट ते त्यांचं सगळ्यात लाडकं पान होतं. सगळ्याजणींनी टेबलाभोवती जमून बघायचं आणि सांगायचं, ही बाई आत्ता काय विचार करत्येय. इंग्रजीत. पहिल्यांदा कुणी मान वर करेना. मग पार्लरवाली म्हणाली, "शी इज थिंकिंग, व्हेन विल दिस मॅन फिनिश." फोटो काढणाऱ्याबद्दल म्हणत होती ती. मग सुरूच झालं. तिला ऊन लागतंय. तिच्या पोटात कावळे ओरडतायत. घरी तिचं मूल शेजारणीकडे ठेवलंय. त्या एका पानावर आम्ही जेवढं इंग्रजी बोललो तेवढं पुऱ्या अंकावर बोललो नसू.

आणि त्याच पानानं घोळ केला.

माझ्या शेजारी परब राहायचे. दोघंही मालवणकडची. परब एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. परबवहिनी क्लासला यायला लागल्या त्या माझ्या मागे लागून, पण बसायच्या दाराजवळ आणि सगळं तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या. चार-पाच महिन्यांत आम्ही त्यांचा आवाज ऐकला नव्हता. बाईंनी त्यांना खलाशाची कथा दिली होती, अंकातलं सगळ्यात लांब प्रकरण. "हिला लहान वाक्याची भीती वाटते. लगेच संपतं आणि लोक बघायला लागतात. मोठं वाचू दे," असं बाईंचं निदान होतं. वहिनी घरी काम करताना ती कथा म्हणत असाव्यात, कारण भिंतीपलीकडून मला कधीकधी "स्टॉर्म" आणि "कॅप्टन" असे शब्द ऐकू यायचे.

एका बुधवारी परब लवकर घरी आला. किल्ली वहिनींकडे, म्हणून तो खाली बाईंकडे आला. क्लास चालू असताना बाईंचं दार सताड उघडं असायचं. त्यानं बघितलं ते असं: आम्ही दहा-बारा बायका टेबलावर वाकलोय, टेबलावर वाळूतल्या बाईचा फोटो, आणि मी मोठ्यानं सांगत्येय की ही बाई अजिबात लाजत नाहीये. परबनं किल्ली घेतली आणि तो वर गेला.

दोन दिवसांनी सेक्रेटरींनी खाली नोटीस लावली. तळमजल्यावर स्त्रियांना अश्लील वाङ्मय दाखवले जाते अशी तक्रार एका सभासदाकडून आली असून, सभेचा निर्णय होईपर्यंत वर्ग बंद ठेवण्यात यावा. बाईंनी ती उभ्या उभ्या वाचली. "काहून?" एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी मी गेले तर त्यांनी आमच्या खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावल्या होत्या. मी त्यांना कधी खचलेलं पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "शिकवायला जागा हवी म्हणून हे घर घेतलं मी. नुसतं झोपायला एक खाट पुरली असती." मला परबचा इतका राग आला की मी आठवडाभर त्याच्या दारावरून जाताना तोंड फिरवत होते. वहिनी तर मला भेटायचंच टाळायच्या.

सभा गच्चीवर भरायची. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सभासद, म्हणजे आमचे नवरे, आणि एकट्या बाई. घरं नवऱ्यांच्या नावावर, त्यामुळे आम्ही मागे कठड्याला टेकून उभ्या. चहा आमच्याकडे असायचा, बोलणं त्यांच्याकडे. सेक्रेटरींनी तक्रार वाचली. दोघातिघांनी "अशा गोष्टी चालायच्या नाहीत" वगैरे म्हटलं. मग बाई उठल्या, आणि पहिल्यांदाच सेक्रेटरींशी मराठीत बोलल्या.

"पान क्रमांक?"

"म्हणजे?" सेक्रेटरी म्हणाले.

"अंकाला पानं आहेत. कुठलं पान अश्लील आहे, का आहे, ते तक्रारदारानं पान क्रमांकासह सांगावं. अख्खा अंक अश्लील कसा असेल? त्यात कार्बोरेटरही आहे."

मतदान पुढे ढकललं गेलं. परबनं पुढच्या सभेपर्यंत अंक वाचून पानं सांगावीत असं ठरलं, आणि बाईंनी जे केलं ते बघून आम्ही गार झालो. त्या खाली गेल्या, अंक कव्हरासकट घेऊन आल्या आणि परबच्या हातात दिला. वर लाकडी पट्टी. "बोट लावायचं नाही," एवढं बजावलं. तो अंक बाईंच्या घराबाहेर जायची ती पहिली वेळ होती. आम्हाला ज्याची झेरॉक्स मिळत नव्हती, तो त्यांनी क्लास बंद पाडणाऱ्याच्या हवाली केला. परबनं फाडून टाकला असता तर?

परबला इंग्रजी येत नव्हतं. आमच्यातल्या निम्म्या नवऱ्यांना येत नव्हतं, पण चारचौघांत तसं कोण म्हणणार? तो अंक बगलेत धरून रुबाबात खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी निवडत होते, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला. आमच्या भिंती पातळ. परबवहिनी वाचत होत्या. आधी इंग्रजी वाक्य, मग मालवणीत अर्थ. पुटपुटत नव्हत्या, सरळ वाचत होत्या, मला शब्दन्‌शब्द कळत होता. अधूनमधून परबचा आवाज यायचा, "काय म्हणता तो?" आणि त्या सांगायच्या. कार्बोरेटरच्या पानावर तो म्हणाला, "ह्या बरोबर लिवलेला आसा." मला उगाचच बरं वाटलं, कारण ते माझं पान. खलाशाच्या कथेला तो मध्ये मध्ये विचारत होता, "मगे? तो मेलो काय?" आणि वहिनी म्हणत होत्या, "थांबा जरा. वाचतंय मां." नवऱ्याला थांबा म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. रोज संध्याकाळी असं चाललं होतं. मी माझी कामं त्या भिंतीजवळ आणून करायला लागले.

पुढच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, "परब, पानं सांगा." परब उभा राहिला. अंक कव्हरात, पट्टी वर, जसा नेला होता तसा. त्यानं एकदा मागे कठड्याकडे बघितलं, जिथे वहिनी चहाची किटली घेऊन उभ्या होत्या, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माका इंग्रजी येणा नाय. सगळो अंक तिना वाचून दाखवल्यान. कुठला पान खराब, ता तिका विचारा."

त्या क्षणी मी परबवरचा राग सोडून दिला. सहज बोलून गेला तो, पण एवढं बोलायला माणसाला किती बळ लागत असेल.

सेक्रेटरी अडचणीत आले. "वहिनी सभासद नाहीत. सभेत सभासदच बोलू शकतात." मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या हो, बोलू द्या त्यांना, दोन मिनिटांचं काम, चहा निवतोय. सेक्रेटरीही मान हलवायला लागले. आम्ही खूश. आता वहिनी बोलणार आणि क्लास वाचणार. तेवढ्यात बाई उठल्या.

"माझी हरकत आहे."

आम्ही कठडा सोडून पुढे सरकलो.

"त्या सभासद नाहीत. नियम मोडून बोललेलं मिनिट्समध्ये, सभेच्या इतिवृत्तात, येत नाही. आणि मला ते मिनिट्समध्ये यायला हवंय." मग त्या परबकडे वळल्या. "परब, तुमच्या घरावर सहसभासद म्हणून यांचं नाव लावता येतं. तुमची तयारी आहे का?"

परबनं विचारलं, "नाव लावला काय ती हय बोलाक शकता?"

"शकते. तुम्ही सभेला नसाल तेव्हा, तुमच्या जागी."

परबनं अंकाचं कव्हर दुसऱ्या हातात घेतलं. पुढच्या खुर्च्यांवरचे नवरे त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर साफ दिसत होतं की हो म्हणू नकोस रे बाबा, नाहीतर उद्या आमच्याकडे येईल. "मगे लावा," परब म्हणाला.

अर्ज, स्टॅम्प, कमिटीची बैठक, यात महिन्याच्या वर गेला. क्लास बंद तो बंदच. मी बाईंशी भांडले. "बाई, त्या दिवशीच मिटलं असतं. त्यांना परवानगी मिळत होती."

"मिळत होती," बाई म्हणाल्या. "म्हणूनच हरकत घेतली. तिला परवानगी मिळालेली नको होती मला."

मला ते तेव्हा पटलं नाही. मी रागातच निघाले. रचून ठेवलेल्या खुर्च्यांवरची धूळ बाई फडक्यानं पुसत होत्या.

तिसऱ्या सभेला परबवहिनी पुढच्या रांगेत, नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. परब गच्चीच्या दाराबाहेर जिन्यात उभा राहिला, कारण नियमानं तो हजर असून चालणार नव्हतं. वहिनी उठल्या. कव्हराची चेन काढली, अंक टेबलावर ठेवला, पट्टीनं मधलं पान उलटलं. त्यांचा आवाज अख्ख्या गच्चीला ऐकू गेला.

"या पानावर एक बाई बसलीय. खाली वाळू आहे. तिला ऊन लागतंय. ती कुणाकडे बघत नाहीये. आमच्या क्लासात आम्ही ती काय विचार करत असेल ते सांगतो. मी कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते. तिला वाटतंय, माझ्याकडे बघून झालं असेल तर मला काहीतरी विचारा. या पानात मला वाईट काही दिसलं नाही."

सेक्रेटरी लिहून घेत होते. त्यांना वाटलं संपलं. पण वहिनींनी आणखी काही पानं उलटली.

"मात्र एक पान खराब आहे." आम्ही सगळ्या दचकलो. मी बाईंकडे बघितलं. बाई खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. वहिनींनी पट्टी एका चौकटीवर ठेवली आणि आधी इंग्रजीत, मग मराठीत वाचलं. शहाणा माणूस बायकोच्या हातात गाडीची किल्ली कधी देत नाही, असं त्यात लिहिलं होतं. "हे मला मान्य नाही. लिहिणाऱ्यानं कारण दिलेलं नाही. या पानाला माझी हरकत आहे. बाकी अंकाला नाही."

जिन्यातून परबचं हसणं ऐकू आलं. तो सभेला हजर नसल्यामुळे सेक्रेटरींनी ते ऐकलं नाही.

"बाई, तुमचं म्हणणं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हरकत योग्य आहे. नोंद घ्या," बाई म्हणाल्या. "ते पान आम्ही काढणार नाही. पुढच्या बुधवारी परबवहिनी त्यावर संपादकांना पत्र लिहितील. इंग्रजीत." ते मासिक आणि त्याचे संपादक केव्हाच संपलेत, याची आठवण त्यांना कुणी करून दिली नाही. हात वर झाले, तक्रार निकालात निघाली, आणि मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदाच चहा पुढच्या खुर्च्यांवरून उठून कुणीतरी पुरुषानं दिला. बाईंना तो माझ्या नवऱ्यानं नेऊन दिला, म्हणून आठवतंय.

आता बाई नाहीत. अंक आमच्यात फिरतो, कव्हरासकट. त्यांच्याबद्दल लोक विचारतात की विक्षिप्त होत्या का? होत्याच. पण जिंकत आलेला डाव, केवळ दुसरीला पुढच्या खुर्चीत बसता यावं म्हणून महिनाभर थांबवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी त्यांची विद्यार्थिनी आहे हे मी मुलाखतीत, लग्नाकार्यात, कुठेही सांगते, आणि सांगताना मान वर असते.

त्या सभेच्या दुसऱ्याच दिवशी मी सहसभासदाचा अर्ज नवऱ्यापुढे ठेवला. तो आधी "कशाला उगाच" म्हणाला, मग सही करून मोकळा झाला. मग वरच्या मजल्यावरच्या दोघींनी भरला. दिवाळीच्या सुमाराला इमारतीच्या दारातली नावांची पाटी नव्यानं रंगवायला काढली, तेव्हा बाई खुर्ची टाकून रंगाऱ्याच्या शेजारी बसल्या होत्या. इतकी वर्षं त्या पाटीवर बाईचं म्हणून एकच नाव होतं, त्यांचं. रंगाऱ्यानं परबांच्या नावाखाली वहिनींचं नाव काढलं, मग माझं, मग त्या दोघींचं. खाली बरीच जागा उरली. ती मोकळी वाईट दिसेल, म्हणून सगळं पुसून अक्षरं मोठी काढू का, असं त्यानं विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "अक्षरं आहेत तेवढीच ठेव. अजून नावं यायची आहेत."